एएच्या पहिल्या मीटिंगला जाताना

एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, आमच्या समूहाची मीटिंग महापालिकेच्या शाळेत भरते, चौथीच्या वर्गात. सात वाजता सुरू होते. मी साडेसहापासून फाटकाजवळ उभा असतो. हे काम मी मागून घेतलंय. नवा माणूस एकदा वर्गात येऊन बसला की सहसा उठून जात नाही. तो जातो तो फाटकावरूनच. समोरच्या टपरीपाशी उभा राहतो, मोबाइलमध्ये बघत बसतो, रस्ता ओलांडून येतो आणि आत कुणी ओळखीचं दिसेल या धास्तीने परत वळतो. मी स्वतः दोनदा असा परतलो. दुसऱ्या खेपेनंतर अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत नोकरी गेली आणि बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. फाटकापासून वर्गापर्यंत पन्नासेक पावलं आहेत. ती तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर टाकता यावीत म्हणून हे लिहितोय.

नाव लिहीत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, सदस्याने वर्तमानपत्रात किंवा तशा जाहीर ठिकाणी आपली ओळख उघड करू नये अशी आमची परंपरा आहे. संस्थेच्या वतीनेही मी बोलत नाही. जे अनुभवलं आणि इतरांच्या बाबतीत पाहिलं, तेवढंच सांगतो.

आधी डॉक्टर

हे सगळ्यात आधी, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. तुम्ही रोज पीत असाल, सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील आणि दोन घोट गेल्यावरच थांबत असतील, तर निश्चय करून एका दिवसात दारू तोडू नका. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच घाम, थरथर, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं, ताप चढतो. याला घरचे कधीकधी बाहेरची बाधा समजतात आणि अंगारा लावत बसतात. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

म्हणून आधी डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे हे रोजचं काम आहे. किती पिता ते खरं सांगा. क्वार्टर होत असेल तर क्वार्टर म्हणा, दोन होत असतील तर दोन, देशी असेल तर देशी. आपण सगळे निम्मं करून सांगतो आणि मग औषधाचा डोस चुकतो. किती दिवस औषध घ्यायचं, दाखल व्हावं लागेल की घरी चालेल, ते डॉक्टर ठरवतील. बहुतेकांना ब-१ जीवनसत्त्वही देतात. ते किरकोळ समजून टाळू नका, ते मेंदू वाचवण्यासाठी असतं.

कुठे जायचं ते सुचत नसेल तर दोन नंबर आहेत. १४४१६ ही टेलिमानस नावाची सरकारी मानसिक आरोग्य सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास. मराठीतही बोलता येतं. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाइन आहे.

औषध चालू असताना मीटिंगला जाता येतं का? येतं. कुणी मीटिंगमध्ये सांगितलं की गोळ्या बंद कर, त्याही नशाच, तर त्याचं ऐकू नका. औषधाविषयी डॉक्टरांनाच विचारा.

एए म्हणजे काय

१९३५ च्या मे महिन्यात बिल नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी आला होता. पाचेक महिने त्याने दारू सोडलेली होती. काम फिसकटलं, आणि तो हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा राहिला. एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज येत होते, दुसऱ्या बाजूला फोन होता. तो फोनकडे गेला. चर्चची यादी पाहून नंबर फिरवत सुटला आणि विचारत राहिला की गावात दुसरा कुणी दारूपायी हैराण झालेला माणूस आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब या शल्यविशारदाशी पडली. डॉ. बॉबनी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हाच एएचा स्थापना दिवस मानतात. भारतात एए १९५७ साली आलं.

मी ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, कारण सगळी पद्धत तिच्यात आहे. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलतो. तिथे कुणी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, सरकारी माणूस नाही. फी नाही, फॉर्म नाही. सदस्य होण्यासाठी एकच अट आहे: दारू थांबवण्याची इच्छा. तुम्ही 'अल्कोहोलिक' आहात की 'फक्त रोज घेणारे', हे कुणी तपासत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवायचं, तेही सावकाश.

लोक एए आणि व्यसनमुक्ती केंद्र यांत गल्लत करतात, आणि त्या गल्लतीमुळे घाबरतात. केंद्रात तुम्ही दाखल होता, ठरावीक दिवस राहता. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे. ज्यांना घरी राहून दारू थांबवणं जमत नाही, त्यांनी अशा ठिकाणी जावं, त्यात कमीपणा नाही. एएमध्ये मात्र कुणाला ठेवून घेत नाहीत, घरातून उचलून नेत नाहीत, दाराला कुलूप लावत नाहीत. दीड तास बसायचं आणि घरी जायचं. केंद्रातून बाहेर पडल्यावर खरी कसोटी सुरू होते, आणि तिथे रोजची मीटिंग उपयोगी पडते. दोन्हींचं भांडण नाही.

उपयोग होतो का, असं तुमच्या मनात असेल. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दहा हजारांहून जास्त माणसं होती. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याच्या बारा पायऱ्यांवर, म्हणजे दारूपासून सुटण्याच्या क्रमवार टप्प्यांवर, बेतलेले उपचार इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीस तोड ठरले, काही बाबतींत सरसही. तरी हा एकच रस्ता आहे असं मी म्हणणार नाही. कुणाला समुपदेशन लागू पडतं, कुणाला औषध, कुणाला दोन्ही. पण मीटिंगला पैसे पडत नाहीत आणि ती आज संध्याकाळीही असू शकते.

मीटिंग कशी शोधायची

इंटरनेटवर 'एए इंडिया' शोधा. मुंबईत राष्ट्रीय कार्यालय आहे, त्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाचा संपर्क मिळतो. तसं जमत नसेल तर मानसोपचार विभागातल्या सोशल वर्करला विचारा, जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राला फोन करा किंवा चर्चमध्ये चौकशी करा. मुंबई, वसई, गोवा या पट्ट्यात कित्येक मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. महापालिकेच्या शाळांमध्येही भरतात. जागा भाड्याने घेतलेली असते. चर्चचा किंवा शाळेचा त्यात काही हात नसतो.

फोन उचलणारा माणूस बहुधा स्वतः पिणारा होता. त्याला प्रस्तावना लागत नाही. 'मला दारू सोडायचीय, मी अमुक भागात राहतो, जवळ मीटिंग कधी आहे?' एवढं पुरे. 'मित्रासाठी विचारतोय' म्हणालात तरी तो समजून घेईल. चार गोष्टी मात्र विचारून घ्या: मीटिंगची भाषा, नेमकी जागा, वेळ, आणि ती खुली आहे की बंद. बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांची; खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्र सोबत येऊ शकतात. भाषेचा प्रश्न लाजून टाळू नका. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांतल्या मीटिंगा असतात, आणि आपल्या दुःखाची भाषा आपलीच असावी लागते.

एकट्याने जायला भीती वाटत असेल तर तसं सांगा. स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर कुणीतरी घ्यायला येतं. मला आणायला आलेला माणूस रिक्षाने आला होता आणि वाटेत त्याने दारूचा विषयही काढला नाही, पावसाबद्दल बोलत राहिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

त्या संध्याकाळी

काहीतरी खाऊन निघा. रिकाम्या पोटी संध्याकाळ अवघड जाते. नेहमीच्या रस्त्यावर तुमचा बार किंवा वाइन शॉप लागत असेल तर दुसऱ्या रस्त्याने जा, लांबचा पडला तरी. दहा मिनिटं आधी पोहोचा; उशीर झाला की दारातून आत शिरताना सगळे आपल्याकडे बघताहेत असं वाटतं, आणि तेवढ्यावरून माणूस परततो.

ओळखीचं कुणी दिसलं तर? दिसेलही. आमच्या वर्गात वकील आहेत, रिक्षावाले आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. पण जो दिसेल तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असल्याचं दिसलं. तुमच्या गल्लीतही कुणी असणारच. मीटिंगमध्ये जे पाहिलं, जे ऐकलं, ते तिथेच ठेवायचं हा दंडक प्रत्येक वेळी सांगितला जातो आणि माणसं तो मनापासून पाळतात. तरीही शंभर टक्के हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणून कायद्याच्या कचाट्यातली गोष्ट असेल तर ती पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगू नका, त्यासाठी वकील आहे.

आत गेल्यावर साधारण असं घडतं. थोडा वेळ शांतता, मग एक छोटी प्रार्थना: जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य आणि दोन्हींतला फरक ओळखण्याची अक्कल मागणारी. तुम्ही देव मानत नसाल तर गप्प बसा, कुणी हटकत नाही. एएमध्ये देवाचा उल्लेख येतो, पण 'ज्याला जसा समजला तसा'. आमच्यात विठ्ठलाचे भक्त आहेत, नमाजी आहेत, आणि 'हा समूह हाच माझा देव' म्हणणारे पक्के नास्तिकही आहेत. प्रार्थनेनंतर बारा पायऱ्यांचं वाचन होतं. मग एकेक जण उठून नाव सांगतो, फक्त पहिलं नाव, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो आणि स्वतःची हकिकत सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही.

तुम्हाला बोलायला सांगितलं तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा. ते पुरतं. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, त्या बाकांवर सगळेच कधी ना कधी रडलेत. ऐकताना मनात एक हिशेब सुरू होईल: हा तर सकाळी सहाला प्यायचा, मी तसा नाही, याने घर विकलं, माझं घर आहे. हा हिशेब मीही केला होता. त्याच्यापेक्षा जिथे जुळतं तिथे कान द्या. बाटली पिठाच्या डब्यात लपवणं, मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमाला न जाणं, सकाळी रात्रीचं काहीच न आठवणं. कुठेतरी जुळेल.

शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. जागेचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. बाहेरच्यांची देणगी एए घेत नाही. नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं. पिऊन गेलात तरी बहुतेक ठिकाणी बसू देतात, फक्त शांत बसायचं. त्या अवस्थेत आलेली आणि आज पंधरा-पंधरा वर्षं न प्यायलेली माणसं मी पाहिली आहेत.

मीटिंग संपल्यावर लगेच पळू नका. चहासाठी थांबा. खरं काम त्या पंधरा मिनिटांत होतं. दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि घरी पोहोचल्यावर एकाला फोन करा, 'पोहोचलो' एवढं सांगायला. हा फोन फालतू वाटेल, पण करा. साध्या दिवशी फोन करायची सवय नसेल तर ज्या रात्री घशाला कोरड पडेल त्या रात्री बोट नंबरावर जाणार नाही. आणि फोन करायचा तो पहिल्या घोटाच्या आधी. नंतर केलात तर समोरचा ऐकेल, पण तुम्हाला ऐकू येणार नाही.

दुसरी, तिसरी, सहावी

पहिल्या मीटिंगवरून काही ठरवू नका. एखादा समूह रटाळ असतो, एखाद्या ठिकाणी एकच माणूस अर्धा तास बोलतो. किमान सहा मीटिंगा करा, त्याही दोन-तीन वेगळ्या समूहांत. जुने लोक नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला ते जमेलच असं नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत जेवढ्या जमतील तेवढ्या करा, त्यात झूमवरच्याही धरा.

मी एकदा पंढरपूरला जाऊन माळ घातली होती. चार महिन्यांत ती उतरवून कपाटात ठेवली आणि त्या दिवशी दुप्पट प्यायलो. माळेचा दोष नव्हता. थरथरत्या हातांनी आयुष्यभराचं वचन दिलं होतं मी, आणि आयुष्यभर हा शब्दच मला पेलत नव्हता. एएमध्ये मला पहिल्या दिवशी सांगितलं, उद्याचं राहू दे, आज रात्री झोपेपर्यंत पिऊ नको. आज रात्री झोपेपर्यंत मला जमलं.

काही आठवड्यांनी स्पॉन्सर शोधा. म्हणजे ज्याच्या शेअरिंगमध्ये आपण दिसतो आणि ज्याची दारू बरीच वर्षं बंद आहे असा एक माणूस. तो पायऱ्यांवरून तुम्हाला हात धरून नेतो: पहिलीत हार मान्य करणं, चौथीत स्वतःच्या वागण्याचा लेखी हिशेब मांडणं, आठवी-नववीत ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं. घाई नको. स्पॉन्सर म्हणजे गुरू नव्हे, आणि सावकार तर नव्हेच. कुणी उसने पैसे मागितले, धंद्यात ओढलं, औषध बंद करायला लावलं, तर अंतर ठेवा आणि समूह बदला. आजारी माणसांच्या खोलीत काही माणसं अजून आजारीच असतात.

आणि तारखा ओळखून ठेवा. पगाराचा दिवस, गटारी, विसर्जनाची रात्र, मित्राच्या भावाची हळद, एकतीस डिसेंबर. त्या संध्याकाळची मीटिंग आधीच बघून ठेवायची. हळदीला जायलाच हवं असेल तर दिवसा जा, जेवा आणि अंधार पडायच्या आत निघा. 'अँटिबायोटिक चालू आहे' हे कारण दोनदा चालतं, तिसऱ्यांदा सरळ 'सोडलीय' म्हणा.

बायकांसाठी

मीटिंगमध्ये पुरुषांचीच गर्दी असते हे खरं आहे, आणि पिणाऱ्या बाईला समाज जे ऐकवतो ते पुरुषाला कधीच ऐकवत नाही. फोन करताना 'मला एखाद्या महिला सदस्याशी बोलायचंय' असं स्पष्ट सांगा. मोठ्या शहरांत फक्त महिलांच्या मीटिंगा आहेत, ऑनलाइनही आहेत. मुक्तांगणमध्ये महिलांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. स्पॉन्सर बाईच घ्या. सुरुवातीच्या महिन्यांत कुणी पुरुष सदस्य फार आपुलकी दाखवू लागला, रात्री मेसेज करू लागला, तर ते मदत करणं नव्हे. समूहातल्या जुन्या बाईला त्याच दिवशी सांगा.

घरच्यांसाठी

वहिनी, काकू, आई, तुम्ही वाचत असाल तर दोन गोष्टी. दारू सोडवायची पावडर म्हणून जे भाजीत गुपचूप मिसळायला देतात, ते कधी करू नका. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. त्याच्यावर दारू पडली की रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो. डॉक्टर हे औषध देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून.

दुसरी गोष्ट: तो मीटिंगला जाईल तेव्हा जाईल, तुम्ही आजच जा. अल-अ‍ॅनॉन हे पिणाऱ्यांच्या घरच्यांचे समूह आहेत, १९५१ पासूनचे. त्याला सुधारायचं कसं ते तिथे शिकवत नाहीत. त्याचं पिणं तुमच्यामुळे सुरू झालेलं नाही आणि ते तुमच्या हातातही नाही, हे तिथे हळूहळू उमजतं. माझी बायको माझ्या आधी सहा महिने अल-अ‍ॅनॉनला जात होती. तिने माझ्या साहेबांना 'ताप आहे' सांगणं ज्या दिवशी बंद केलं, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझं पिणं दिसलं. मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट पाहू नका. ११२ ला फोन करा, महिलांसाठी १८१ आहे.

गावात समूह नसेल तर

तालुक्याच्या गावी मीटिंग नसणं हे नेहमीचंच. आठवड्यातून एकदा एसटीने जिल्ह्याला जा आणि उरलेले दिवस मोबाइलवर मराठी ऑनलाइन मीटिंग धरा. कॅमेरा बंद ठेवला, नाव बदललं तरी चालतं. दुबई, लंडन, न्यू जर्सीतली मराठी माणसंही अशा मीटिंगांना येतात, त्यांच्या दुपारी किंवा पहाटे. आणि गावात तुमच्यासारखा दुसरा एक जण सापडला तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बसा. दोन माणसांचा समूह होतो. अ‍ॅक्रनला दोघंच होते.

पुन्हा प्यायलात तर

पुष्कळ जण पितात. मीही पहिल्या वर्षात दोनदा प्यायलो. त्यातली पहिली वेळ लपवली, आणि लपवल्यामुळेच दुसरी आली. आमच्यात दारू बंद केल्याच्या तारखेला वाढदिवस साजरा करतात. ती तारीख बदलली याची लाज इतकी वाटते की माणूस यायचाच थांबतो. तारीख बदला आणि पुढच्याच मीटिंगला या. महिनाभर रोज पिणं झालं असेल तर पुन्हा आधी डॉक्टर, वर सांगितलं तसं.

मागच्या गुरुवारी एक जण आठ महिन्यांनी आला. बराच वेळ टपरीपाशी उभा होता, मग रस्ता ओलांडून फाटकाशी आला. कुठे होतास असं मी विचारलं नाही. चहा झाला का, एवढंच विचारलं आणि त्याच्याबरोबर आत चालायला लागलो.